लदेणीचा दगड

उत्तमसिंग राठोडाला दहा कोसांतला एकेक जुना दगड तोंडपाठ होता. टेकडीवरच्या महादेवाच्या देवळाला खांब किती, त्यातल्या कोणत्या खांबावर नाचणारी बाई आहे आणि कोणत्यावर तिचे नुसते पाय उरलेत, निंबाखालच्या वीरगळांवर कोणत्या वीराच्या हातात ढाल आणि कोणाच्या हातात नुसतीच काठी, हे तो डोळे मिटून सांगायचा. औंढ्याला दर्शनाला आलेले पाहुणे कधीमधी वाट वाकडी करून बारव तांड्यावर यायचे, तेव्हा ग्रामपंचायतीचा शिपाई आधी उत्तमसिंगाला हाक मारायचा. एकाच दगडाबद्दल कोणी विचारलं की मात्र त्याला खोकला यायचा. तीस वर्षांत तो इतक्यांदा खोकला, की मोतीबाईनं, त्याच्या बायकोनं, त्याला दोनदा हिंगोलीच्या डॉक्टरकडं नेऊन आणलं. डॉक्टरला छातीत काही सापडलं नाही. सापडणार कसं? दुखणं छातीत नव्हतं, न्हाणीत होतं.

तो दगड म्हणजे लदेणीचा दगड. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून बंजाऱ्यांचे वाडवडील मुलूखभर धान्य आणि मीठ वाहायचे, त्या धंद्याला लदेणी म्हणतात. तांड्यालगतची पायऱ्यांची विहीर, म्हणजे बारव, त्या वाडवडिलांनीच बैलांना पाणी पाजायला बांधली असं तांडा सांगायचा. गाव म्हणायचं, हे काय बारव बांधणार, ह्यांना स्वतःची घरं बांधायला तीनशे वर्षं लागली. तांड्याकडं पुरावा एकच होता. बारवेच्या कोनाड्यात उभा केलेला दीड हात रुंद, दोन हात लांब दगड. त्यावर गोण्या लादलेला बैल, बैलामागं काठीवाला माणूस आणि माणसामागं एक कुत्रं. कुत्रं मान वळवून मागं बघायचं. ज्वारीचं पहिलं कणीस त्या दगडापुढं ठेवायची तांड्याची रीत होती.

हा दगड तीस वर्षांपूर्वी नाहीसा झाला आणि त्याचा आळ थावरा राठोडावर आला. थावरा तांडा सोडून गेला. दगड उत्तमसिंगाच्या न्हाणीत पालथा पडून होता.

आता यंदा ग्रामपंचायतीनं मनावर घेतलं होतं, की आपल्या गावाभोवतीही बघण्यासारखं पुष्कळ आहे, तर त्याची एक पुस्तिका काढू, पर्यटनस्थळ म्हणून वर अर्ज करू. उत्तमसिंगाचा पोरगा ओमप्रकाश पंचायतीत मेंबर होता आणि त्याच्या अंगात नवा सदरा घातल्यासारखा उत्साह होता. परभणीच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एक मॅडम पुस्तिका लिहून देणार होत्या. "बा, तू फक्त हिंडवून आण त्यांना," ओमप्रकाश म्हणाला. "नाव शितल राठोड. आपल्याच लोकांतल्या हायेत." आता राठोड म्हटलं तर निम्मे तांडे राठोडांचेच. उत्तमसिंगानं पागोटं बांधलं, काठी घेतली आणि रविवारी सकाळी बारवेवर जाऊन बसला.

पुसेगावहून येणारी जीप थांबली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक पोरगी उतरली. पायात साधी चप्पल, खांद्याला झोळी, हातात मोजायची टेप.

"राम राम, काका. मी शितल. थावरा राठोडांची पोरगी."

उत्तमसिंगाला खोकला आला. चांगला हात टेकायला लागावा एवढा आला. पोरीनं झोळीतून पाण्याची बाटली काढून त्याच्यापुढं धरली आणि त्यानं ती घेतली. थावराच्या लेकीच्या हातचं पाणी पिताना त्याला शरम वाटली.

त्यानं तिच्याशी आपल्या गोरमाटी बोलीत बोलायला सुरुवात केली. तिनं मान हलवली. "समजतं सगळं, पण बोलता येत नाही. परभणीत आमच्या गल्लीत आपलं एकच घर होतं ना. बाबा बोलायचे आईशी, आम्ही पोरं मराठीतच बोलायचो." ती हे सहज म्हणाली, कोणाला टोचावं म्हणून नाही. पण खाई त्याला खवखवे. ह्या पोरीची बोली गेली, ती कोणामुळं गेली, ह्याचा हिशोब उत्तमसिंगानं मनात लगेच लावला आणि त्यात आपलंच नाव आलं.

दोघं बारवेच्या पायऱ्या उतरले. पाणी खाली हिरवं, स्थिर होतं. शितलनं पायऱ्या मोजल्या, कमानीचे फोटो काढले, आणि मग रिकाम्या कोनाड्यापुढं येऊन थांबली. कोनाड्यात कोणीतरी अगरबत्तीची रिकामी पुडी खोचली होती. ती तिनं काढून झोळीत टाकली, आणि टेप लावून कोनाडा मोजला.

"दीड हात रुंद, दोन हात लांब. बाबा बराबर सांगत होते." तिनं वही उघडली. त्यात पेन्सिलीनं काढलेला बैल होता, माणूस होता आणि मागं बघणारं कुत्रं होतं. थावराला चित्र काढता यायचं नाही. बैलाचे पाय टेबलाच्या पायांसारखे आले होते. पण कुत्र्याची मान बरोबर वळलेली होती. "पुस्तिकेत हेच छापणार आहे. दगड नाही तर निदान चित्र तरी. काका, तुमी तर इथंच होता. कुठं गेला असंल हो तो?"

इथं सांगता आलं असतं. आजूबाजूला कोणी नव्हतं, आवाज फक्त खालच्या पाण्यातल्या बेडकांचा होता. उत्तमसिंगानं तोंड उघडलंही. आणि म्हणाला, "चला, ऊन चढायच्या आत टेकडीवर जाऊ."

टेकडीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना तुरी वाळायला लागल्या होत्या. पोरगी पुढं चालत होती आणि उत्तमसिंग मागून चालत होता. सगळं त्याच्या डोळ्यांपुढं काल घडल्यासारखं उभं होतं.

त्या वर्षी भादव्यात एवढा पाऊस झाला की बारवेची एक भिंत ढासळली. दगड सगळीकडं विखुरले, चिखलात रुतले. आणि चिखलातला दगड कोणाचाच नसतो. गावातल्यांनी नेले, तांड्यातल्यांनी नेले. कोणी गोठ्याला लावले, कोणी पायरीला. उत्तमसिंगाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. महिनाभर आधी मोतीबाई न्हाणीत पाय घसरून पडली होती. न्हाणी म्हणजे तरी काय, घरामागं तुराट्यांचा आडोसा आणि खाली चिखल. सातवा महिना होता. पोरगं गेलं. त्यानंतर ती न्हाणीत जाताना भिंतीला धरून चालायची, आणि तिची ती चाल उत्तमसिंगाला बघवायची नाही. म्हणून तो बैलगाडी घेऊन बारवेवर गेला आणि एक चांगला रुंद, सपाट पाठीचा दगड त्यानं हेरला. पालथा होता, अर्धा चिखलात. एकट्याला हलेना. तेवढ्यात थावरा आला. थावरा त्याचा लंगोटीयार, दोघं एका बैलाच्या पाठीवर बसून वाढलेले. "एकट्यानं काहून मरून राहिला?" म्हणत त्यानं पहार लावली, आणि दोघांनी मिळून दगड गाडीत चढवला. पालथाच.

घरी आणून उत्तमसिंगानं तो धुतला, उलटला, आणि चिखलातून आधी कुत्र्याची मान वर आली.

त्याच घटकेला तो दगड परत न्यायला हवा होता. उद्या नेऊ, म्हणाला. वाडवडिलांच्या तोंडावर कोणाचा पाय पडू नये म्हणून तेवढ्या रात्रीपुरता त्यानं तो पुन्हा पालथा घालून न्हाणीत ठेवला. सकाळी मोतीबाई त्याच्यावर उभी राहून अंघोळ करून आली. भिंतीला न धरता आली. महिनाभरानं पहिल्यांदा हसली. मग तो म्हणाला, आठ दिवसांनी नेऊ. आठ दिवसांनी त्याच्या डोक्यात उजेड पडला, की आता नेऊन सांगणार काय? ज्या दगडापुढं तांडा कणीस ठेवतो, त्याच्यावरून आठ दिवस आपल्या घरचं खरकटं पाणी वाहिलं? पाप एक दिवसाचं असतं तेव्हा सांगता येतं. पुढं त्याला तोंडच राहत नाही.

दिवाळीनंतर तांड्यानं भिंत पुन्हा बांधायचं ठरवलं. तांड्याच्या मुख्यानं, नाईकानं, हाक दिली, ज्यानं त्यानं आपला दगड आणून टाका. उत्तमसिंगानंही गाडी भरून आणली, पायरीचे दोन आणि गोठ्याचा एक असे तीन दगड, आणि सगळ्यांना दिसतील असे मोठ्यानं आपटले. लदेणीचा दगड कोणीच आणला नाही. मग बैठक बसली. कोणाला तरी आठवलं, की पावसाळ्यात शहरातले कोणी जीपवाले फोटो काढायला आले होते आणि थावरा त्यांना दगड दाखवत हिंडला होता. एवढं पुरलं. बैठकीला बोलावून आणायचं काम नाईकाच्या हाताखालच्या कारभाऱ्याचं. कारभारी उत्तमसिंगाचा बाप होता आणि त्यानं पोराला पाठवलं. म्हणजे थावराला घरातून बोलावून आणणारा उत्तमसिंगच.

"म्या एक बी दगड घरी नेला न्हाई," थावरा बैठकीत म्हणाला. "बाकीच्यांनी आपापलं सांगावं." आणि त्यानं उत्तमसिंगाकडं पाहिलं. उत्तमसिंगानं आपल्या पायांच्या बोटांकडं पाहिलं. बोटं बघण्यासारखी नव्हती.

"काका, हे काय म्हणायचं?" शितल निंबाखाली उभी राहून विचारत होती. वीरगळांची रांग तिथं होती, एकेका दगडावर तीन-तीन खण कोरलेले.

उत्तमसिंग भानावर आला. "खालच्या खणात लढाईत मेला. मधल्या खणात अप्सरा त्याला वर घेऊन चालल्या. वरच्या खणात देवापाशी जाऊन बसला. गावासाठी जीव दिला त्याचा असा दगड करायचे."

शितल खाली बसून खालचा खण निरखत होती. "आमच्या बाबाला तुमी लोकांनी खालच्याच खणात ठेवलं," ती म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती वहीत काहीतरी लिहीत होती आणि लिहिता लिहिता म्हणाली.

उत्तमसिंगानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "थावरा बरा हाय ना?" त्यानं विचारलं. हा प्रश्न त्यानं तीस वर्षांत कोणालाच विचारला नव्हता.

"गुडघे दुखतात. बाकी बरे आहेत. शाळेत शिपाई होते, आता घरीच असतात. आई गेली चार वर्षांपूर्वी." तिनं वही मिटली. "लदेणीची वाट दाखवा ना. ती बघायचीच आहे मला."

लदेणीची वाट टेकडीच्या पलीकडच्या अंगाला होती. उघड्या खडकावर बैलांच्या खुरांनी झिजून पडलेली एक लांब पन्हळ. शेकडो वर्षं हजारो बैल एकाच जागेवर पाय देत गेले, तर खडकालाही वाकावं लागतं. तिथून खाली तळं दिसायचं, थंडीत त्यावर परदेशी बदकं उतरायची, आणि त्याच्या पलीकडं हरभऱ्याची हिरवी शेतं. ओमप्रकाशला ह्याच जागेचा फोटो पुस्तिकेच्या वर छापायचा होता. शितल त्या पन्हळीत चप्पल काढून उभी राहिली. जुन्या दगडाला पाय लावायचा तर अनवाणी, ही सवय तिला थावरानंच लावली असणार.

"दीपकदादाच्या लग्नात सासरच्यांनी विचारलं, पोराचा धुंड कोणत्या तांड्यावर झाला?" ती तळ्याकडं बघत म्हणाली. "बाबा काही बोललेच नाहीत. मांडवामागं जाऊन रडले. मी तेव्हा पहिल्यांदा बाबांना रडताना पाहिलं. त्याच्यानंतरच सगळं सांगितलं त्यांनी मला, का गेलो आपण ते."

उत्तमसिंग खडकावर बसला.

धुंड म्हणजे होळीतला संस्कार. वर्षभरात ज्या घरी पोरगं जन्माला आलं, त्या घरासमोर होळीच्या दुसऱ्या दिवशी तांड्याचे गेरिये, म्हणजे होळी खेळवणारे गडी, लेंगीची गाणी गात येतात. दारात पाटावर पोराला बसवतात, त्याच्यावर कापड धरतात, काठ्या वाजवून त्याला आशीर्वाद देतात. त्या दिवशी ते पोरगं तांड्याचं होतं. थावराचा दीपक त्या साली पाच महिन्यांचा होता. थावराच्या बायकोनं दार सारवलं होतं, लापशी शिजवली होती, पोराला नवं झबलं घालून पाटावर बसवलं होतं. आणि गेरियांचा पुढारी त्या साली उत्तमसिंग होता.

कोणी त्याला सांगितलं नव्हतं, त्या घरी जाऊ नको. नाईकानंही नाही. बैठकीत काही ठरलं नव्हतं, नुसती कुजबुज होती. तो थांबला असता तर सगळे थांबले असते. पण थावराच्या दारात उभं राहून, त्याच्या डोळ्याला डोळा देऊन त्याच्या पोराला आशीर्वाद द्यायचा, हे त्याच्यानं होईना. लेंगी म्हणत म्हणत त्यानं वळण घेतलं आणि मेळा पुढच्या घरी नेला. मागं माणसं आली, कोणी काही विचारलं नाही. त्याचा अर्थ मात्र सगळ्या तांड्यानं लावला: उत्तमसिंग, थावराचा जिवलग, तोच थांबला नाही, म्हणजे चोरी खरी आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे थावरानं दोन पेट्या आणि बायको-पोर गाडीत घातलं.

दगड नेला ती चूक होती. वळण घेतलं ते पाप होतं. हे उत्तमसिंगाला तेव्हाच कळलं होतं. तीस वर्षांत त्यात काही नवीन कळायचं उरलं नव्हतं. पुढं त्याला ओमप्रकाश झाला, त्याचा धुंड थाटात झाला. बाप गेल्यावर तो स्वतः कारभारी झाला आणि दुसऱ्यांच्या भांडणात न्याय सांगत बसायला लागला. लोक म्हणायचे, उत्तमसिंग कारभारी मोजून बोलतो. मोजून बोलणार नाही तर काय करील बिचारा.

"काका, बरं वाटत नाही का? चेहरा उतरलाय तुमचा."

"उन्हानं," उत्तमसिंग म्हणाला. पुन्हा एकदा त्यानं तोंड उघडून मिटलं होतं. "घरी चला. दोन घास खाऊन जा."

मोतीबाईनं बाजरीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि ठेचा केला होता. थावराची पोरगी आली म्हटल्यावर तिनं आधी पदर डोळ्याला लावला, मग पोरीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "तुझ्या आईनं आणि म्या एका पाट्यावर वाटण वाटलं गं. जा, हातपाय धू. न्हाणी मागं हाय."

न्हाणीला आता विटांच्या भिंती होत्या, पत्रा होता. ओमप्रकाश तीन वर्षांपासून तिथं फरशी बसवायच्या मागं होता. दोनदा गवंडी आणला आणि दोन्ही वेळा उत्तमसिंगानं अंगणात असा आरडाओरडा केला, की गवंडी चहासुद्धा न पिता गेला. खालचा दगड मात्र तसाच होता, तीस वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेला.

शितल न्हाणीच्या दारात थांबली. तिनं चपला बाहेर काढल्या. बादलीतून तांब्या भरून घेतला, आणि दगडावर न चढता, बाजूला, भिंतीलगतच्या चिखलात उभी राहून पाय धुवायला लागली. पाय धुतला की पुन्हा चिखलात.

"आगं, दगडावर उभी ऱ्हा की," मोतीबाई चुलीपासून म्हणाली. "चिखलात काहून?"

"नको, काकू. बाबांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

शितलनं उत्तमसिंगाकडं पाहिलं. थावरानं त्या बैठकीत पाहिलं होतं तसंच. "बाबा म्हणाले, उत्तमच्या घरी जेवायला बसवलं तर जेव. पण त्याच्या न्हाणीतल्या दगडावर पाय देऊ नको. आपले वाडवडील आहेत ते."

तांब्यातलं उरलेलं पाणी तिनं दुसऱ्या पायावर ओतलं.

म्हणजे थावराला माहीत होतं. बैठकीत उभा होता तेव्हाही माहीत होतं, दारात पोराला घेऊन बसला होता तेव्हाही. न्हाणीसाठी नेलेल्या त्या दगडाला पहार त्यानंच लावली होती. दगडाचं वजन, रुंदी, त्याच्या हातांना कळली होती. एक शब्द बोलला असता तर माणसं इथं येऊन दगड उलटून बघून गेली असती. तो बोलला नाही. उत्तमसिंग आपणहून बोलेल म्हणून वाट बघत राहिला; होळीपर्यंत बघितली, आणि मग तीस वर्षं परभणीत बसून बघितली.

उत्तमसिंगाला खोकला आला नाही. "मोती," तो म्हणाला, "तो लदेणीचा दगड हाय. म्या आणला. थावरानं न्हाई."

मोतीबाई चुलीपासून उठली. न्हाणीपाशी आली आणि दगडाकडं बघत राहिली. मग तिनं आपल्या पायांकडं पाहिलं.

"तीस वर्सं मला त्याच्यावर उभी करून ठेवलं?"

"तू पडली होतीस ना गं. तुझ्यासाठीच–"

"माझ्या नावावर नको घालू," मोतीबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला सांगायचं होतं. म्या चिखलात उभी राहिले असते." आणि ती तिथंच खाली बसली, पदरानं तो दगड पुसायला लागली. पुसून तो काही कोरडा होत नव्हता.

उत्तमसिंगानं कोपऱ्यातली पहार घेतली, दगडाच्या कडेला लावली आणि जोर केला. दगड बोटभर उचलला गेला आणि पुन्हा बसला. साठी उलटलेल्या माणसाचं ते काम नव्हतं. तेव्हाही एकट्याचं नव्हतं. शितल पुढं झाली, पण त्यानं तिला हातानं थांबवलं.

"थावराला फोन लाव. म्या बोलतो. परभणीला पोचायला सांजेपर्यंत लागंल, तरी जातो म्या."

"परभणीला नाही जावं लागणार," शितल म्हणाली. "माझ्यासोबतच आलेत. पुसेगावच्या स्टँडवर बसलेत सकाळपासून. म्हणाले, उत्तम न्यायला आला तर येईन."

ओमप्रकाशला जीप काढायला सांगितली. पोराला काही कळेना. त्याला वाटलं म्हाताऱ्याची तब्येत बिघडली. जाताना उत्तमसिंगानं नाईकाच्या दारात जीप थांबवायला लावली. शंकरसिंग नाईक ओट्यावर पान लावत बसले होते.

"नाईक, माणसं बोलवा बारवेवर. बायामाणसं बी. लदेणीचा दगड माझ्या न्हाणीत हाय, पहिल्या दिवसापासून. थावराचा त्याच्यात काही दोष न्हाई." कारभारी म्हणून त्यानं वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या कागाळ्या ह्या ओट्यावर आणल्या होत्या, त्यामुळं सांगायची पद्धत त्याला येत होती. नाईकांच्या हातातला चुना हातावरच वाळला. ओमप्रकाशनं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि बापाकडं बघितलं नाही. पुसेगावपर्यंत बघितलं नाही.

स्टँडवर शेडखालच्या बाकड्यावर थावरा बसला होता. केस पांढरे, गुडघ्यावर हात, शेजारी जेवणाचा डबा, न उघडलेला. उत्तमसिंग त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. जीपमध्ये वीस मिनिटं त्यानं पुष्कळ जुळवलं होतं. त्यातलं एकही तोंडाशी आलं नाही.

"थावरा, दगड उचलायचा हाय. एकट्याला उठत न्हाई."

थावरानं मान वर केली. रागाची तयारी करून आलेल्या माणसाला समोर राग दिसला नाही की काय करावं ते सुचत नाही. उत्तमसिंगाचं तसं झालं.

"नाईकाला सांगितलं?"

"सांगितलं. आत्ता."

"दगडाचं काय," थावरा म्हणाला. "पालथा होता, उलटा करू. कोनाड्यात ठेवू. कणीस ठेवतील लोक, तुझी ती पुस्तिका छापतील." तो डबा उचलून बाकड्याचा आधार घेत उठला. "माझा दीपक तीस वर्साचा झाला, उत्तम. त्याला दोन लेकरं हायेत. त्याचा धुंड तू कवा करतो, ते सांग."

स्टँडवर सेनगावची गाडी लागली, माणसं उतरली, चढली, गाडी गेली. थावरा उत्तरासाठी थांबला होता. मग थांबला नाही. गुडघे धरत, हळूहळू जीपकडं निघाला.

उत्तमसिंगानं पुढं होऊन जीपचं पुढचं दार उघडून धरलं. थावरा त्याच्या बाजूनं मागं गेला, मागच्या सीटवर चढून बसला आणि डबा मांडीवर घेतला. उत्तमसिंगानं उघडलेलं दार स्वतःच्या हातानं लावून घेतलं, आणि ओमप्रकाशला म्हणाला, "हळू घे. त्याचे गुडघे दुखतात."